बेटकुळी वर सरकली तर मालिश नको



रहाटणीत रक्तदाब मोजून घ्यायला आलेला एक भाऊ सहज म्हणाला, "ताई, दीड महिना झाला, स्क्रू ड्रायव्हर फिरवता येत नाही." तो चाकणला लोडिंगवर. निसटणारी जड पेटी सावरताना कोपरात 'टक्' झालं होतं. ठेकेदाराने दुखण्याची गोळी दिली, घरच्यांनी मालिश केली. खाडा नको म्हणून दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर! मी दोन्ही दंड शेजारी धरून पाहिले. एकाची बेटकुळी वर सरकून गोळा झाली होती. कोपराकडची कंडरा तुटल्याची ही खूण.

कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. बेटकुळीच्या दोन कंडरा खांद्याला, तर एक कोपराच्या खाली जोडलेली असते. खांद्याकडची लांब कंडरा तुटली तर बेटकुळी खाली घसरते. तिथे पुष्कळांचं विश्रांती आणि व्यायामाने भागतं. कोपराकडची तुटली तर बेटकुळी वर जाते, कोपराच्या घडीत काळंनिळं पडतं, तळहात वर वळवायची ताकद कमी होते. अंगमेहनत करणाऱ्याला बहुधा शस्त्रक्रिया लागते आणि ती दोन-तीन आठवड्यांत झालेली बरी. पुढे कंडरा आखडते, काम अवघड होतं. तरीही उशीर झाला म्हणून घरी बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आवाज आला की काम थांबवा. हात झोळीत घ्या. कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं लावा. मालिश नको, हात ओढणं नको. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही. 'हाड शाबूत आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का ते विचारा. बिडी-सिगारेटने हा धोका वाढतो, तीही सोडा.

पण शस्त्रक्रियेनंतर चार-सहा महिने जड उचलायचं नाही. रोजावर घर चालवणाऱ्याला नुसतं 'विश्रांती घ्या' सांगणं ही थट्टाच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : या दुखापतीचा उपचार कंपनीच्या अपघात वहीतल्या नोंदीपासून सुरू होतो. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला कामावरच्या दुखापतीसाठी उपचार आणि बरा होईपर्यंत सुमारे 90 टक्के वेतन मिळतं. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. नोंदच नसेल तर तो सिद्ध करताना दमछाक होते. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे, पण कार्डच काढलेलं नसेल तर त्याचा काय उपयोग?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1943 साली प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. त्यातूनच 1948 चा ईएसआय कायदा आला. तो हक्क ठेकेदाराच्या मर्जीवर का सोडायचा?

येत्या रविवारी विहारात येताना पगाराची स्लिप आणा. ईएसआयची कपात आहे का, कार्ड आहे का, एकत्र बसून बघू. हात तुटायच्या आधी.