घरांतील हत्यारें : नांव पाहावें कीं माप?

घरच्या किरकोळ डागडुजीसाठीं व मोटारसायकलच्या देखभालीसाठीं हत्यारांचा एक संच घ्यावयाचा आहे, तर कोणत्या कारखान्याचा माल घ्यावा, असा प्रश्न आमच्या वाचकांकडून वारंवार येतो. प्रश्न साधा दिसतो. पण एका नांवानें त्याचें उत्तर देऊन मोकळें होणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नांवाला महत्त्व आहे, परंतु तें तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतें. पहिल्या पायऱ्या चुकल्या तर महागांतलें महाग नांवहि उपयोगी पडत नाहीं.

आपल्या सुशिक्षित घरांतून खरेदीची पारख कमी आहे असें नाहीं. लुगडें घेतांना पोत पाहतात, तांदूळ घेतांना दाणा दातांखालीं धरून पाहतात, सोनें तर कसाला लावल्यावांचून कोणी घेत नाहीं. पाना घ्यावयाचा म्हटला कीं मात्र दुकानदार जो पुढें टाकील तो पिशवींत घालून मंडळी घरीं येतात. मग पहिल्याच प्रसंगीं पाना नटावरून घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि मागाहून चांगला पाना आणला तरी तो त्या नटाला धरीत नाहीं. नट बदलतां येतो. पण इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या अंगांतले आटे गेले म्हणजे तेथें भोंक मोठें करून नवे आटे बसवावे लागतात. वाईट हत्याराची खरी किंमत दुकानांत चुकती होत नाहीं. ती यंत्राकडून वसूल होते. आमच्या मतें या विषयांतील मुख्य गोष्ट हीच होय.

म्हणून नांव विचारण्यापूर्वीं, आपल्या दाराशीं उभी असलेली गाडी कोणत्या मापांची आहे तें पाहावें. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचें डोकें युरोपीय पद्धतींत १३ मिलिमीटर रुंद असतें. जपानी पद्धतींत तें १२ असतें. दहा मिलिमीटरच्या बोल्टास जुन्या जर्मन पद्धतीनें १७ चा पाना लागतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीनें १६ चा, आणि जपानी पद्धतीनें १४ चा. आपल्याकडील १०० घनसेंटीमीटरच्या मोटारसायकली १९८४-८५ च्या सुमारास होंडा, यामाहा व सुझुकी या जपानी कारखान्यांच्या सहकार्यानें निघूं लागल्या. त्यांवर व त्यांच्या वंशांतील गाड्यांवर ८, १०, १२, १४ व १७ हीं मापें पुन्हा पुन्हा भेटतात. १३ चें माप क्वचितच लागतें. तेव्हां पंचवीस पान्यांची चकचकीत पेटी पाहून भुलूं नये. त्यांतील अर्धे पाने जन्मभर पेटींतच पडून राहतात.

ज्या घरीं आजोबांच्या वेळची बुलेट जपून ठेविली आहे, तेथील गोष्ट निराळी. ही गाडी १९५५ पासून मद्रासेस जुळविली जाऊं लागली. पण मूळची ती इंग्लंडची. तेथें जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं इंची आट्यांची पद्धत घालून दिली होती, आणि जुन्या बुलेटवर तशा इंची मापांचे नट आढळतात. त्या पद्धतीच्या पान्यावर जो आंकडा असतो तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो, हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. पाव इंची व्हिटवर्थ नटाची जुनी रुंदी सुमारें १३.३ मिलिमीटर भरते. त्याला १३ चा पाना बसत नाहीं आणि १४ चा सैल पडतो. उत्तमांतल्या उत्तम जर्मन कारखान्याचा १४ चा पाना त्या नटाचें तेवढेंच नुकसान करील, जेवढें फुटपाथवरचा करील.

पेचांचेंहि असेंच आहे. चौफुलीच्या खाचेचा पेच अमेरिकेंत हेन्री फिलिप्स यांनीं १९३६ च्या पेटंटांनीं रूढ केला. जुन्या जपानी घडणीच्या गाड्यांवरील चौफुलीची खाच दिसावयास तशीच, पण घडणींत किंचित् निराळी असते. पुष्कळदां तिच्याजवळ एक बारीक टिंब उठविलेलें असतें. तींत साधा फिलिप्स पेचकस घालून जोर केला कीं तो वर चढतो व खाच खरवडून टाकतो. दुसरी चूक क्रमांकाची. पांच मिलिमीटरपर्यंतच्या पेचास २ क्रमांकाचा पेचकस चालतो, सहा मिलिमीटरच्या पेचास ३ क्रमांकाचा लागतो. घरोघर पेचकस असतो तो २ क्रमांकाचा, आणि इंजिनच्या झांकणाचे पेच पुष्कळदां सहा मिलिमीटरचे असतात. खाच बिघडली म्हणजे "पेच गंजला होता" असें आपण म्हणतों. वास्तविक अपराध पेचकसाचा असतो.

माप ठरल्यावर आकार पाहावा. तोंड उघडें असलेला पाना नटाला दोनच बाजूंनीं धरतो. रिंग पाना साही कोपऱ्यांना धरतो. म्हणून घट्ट बसलेला नट प्रथम रिंग पान्यानें सोडवावा व पुढें उघड्या पान्यानें फिरवावा. तोंड लहानमोठें करतां येणारा स्क्रूपाना स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आजच्या रूपास आणला. नळाच्या कामास तो फार सोयीचा आहे. पण मोटारसायकलला तो लावूं नये. त्याचें तोंड थोडें तरी हलतेंच, आणि तेवढें हलणें नटाचे कोपरे झिजविण्यास पुरेसें असतें.

आतां नांवांकडे वळूं. आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर तापडिया हें नांव दुकानांत प्रथम ऐकूं येतें. स्वीडनच्या तांत्रिक सहकार्यानें उभा राहिलेला हा कारखाना नाशिकच्या सातपूर वसाहतींत आहे, आणि घरगुती कामास त्याचे पाने व पकडी आम्हांस पुरेशा भरंवशाच्या वाटतात. पंजाबांतील जालंधर हें हातहत्यारांचें व त्यांच्या निर्यातीचें मोठें केंद्र आहे. तेथील चांगला माल चांगलाच असतो, पण तेथून सर्व प्रतींचा माल येतो, म्हणून निवड डोळसपणें करावी. जर्मनींत वुप्पर्टालची क्निपेक्स १८८२ पासून पकडी करीत आहे व रेमशाइडची गेडोरे १९१९ पासून हत्यारें करीत आहे. जपानांत ओसाकाची व्हेसल पेचकसांसाठीं व क्योतोची केटीसी पान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. हीं हत्यारें उत्तम खरीं. परंतु महिन्यांतून एकदां साखळी ताणणाऱ्या गृहस्थाला त्या सर्वांची गरज नाहीं.

मग नांवासाठीं अधिक पैसे कोठें मोजावे? आमचा नियम असा कीं, हत्याराचा जो भाग नटाला किंवा पेचाला प्रत्यक्ष भिडतो, तेथें मोजावे. पेचकसाचें टोंक, रिंग पाना, स्पार्क प्लगचा पाना व पकडीची धार यांत कसर करूं नये. हातोडा, पेटी, ब्रश, तेलाची कुपी यांना नांव नसलें तरी चालतें. कारखान्याचें नांव म्हणजे अखेर एकच वचन असतें : आज घेतलेला १२ चा पाना व पांच वर्षांनीं घेतलेला १२ चा पाना सारखाच बसेल. हें वचन जो पाळतो त्याला दोन पैसे अधिक द्यावे. मात्र प्रसिद्ध नांवाची नक्कलहि बाजारांत असते. म्हणून ओळखीच्या दुकानांतून पावती घेऊन घ्यावें. खिशांत आपल्या गाडीवरचा एक चांगला नट ठेवावा व दुकानांतच पाना त्याला लावून पाहावा. डगडगला तर परत करावा. पकड मिटून उजेडासमोर धरावी. कापणाऱ्या धारेंतून उजेड दिसला तर ती तार कापणार नाहीं, चिरडील.

पकडीविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण येथें प्रश्न पैशाचा नसून प्राणाचा आहे. दांड्यांवर रंगीत प्लास्टिक चढविलें म्हणजे पकड विजेच्या कामास निर्धोक झाली, हा समज खोटा आहे. आय. ई. सी. ६०९०० या आंतरराष्ट्रीय कसोटीस उतरलेल्या हत्यारावर १००० व्होल्ट हा आंकडा व जोडत्रिकोणाची खूण असते. ती नसेल तर तें प्लास्टिक केवळ हाताच्या सोयीसाठीं आहे असें समजावें. आणि ती असली तरीहि मुख्य खटका बंद केल्यावांचून तारेला हात लावूं नये.

हत्यार चांगलें असूनहि काम बिघडतें तें जोराच्या अतिरेकानें. मोटारसायकलवरील सहा मिलिमीटरच्या सामान्य बोल्टास सुमारें १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. पंधरा सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर तो सात-आठ किलोच्या दाबानें मिळतो. तीस सेंटीमीटरच्या पान्यावर निम्म्या दाबानें मिळतो. "अजून थोडें घट्ट" म्हणून लांब दांड्यावर भार टाकणारा मनुष्य आटे तोडतो तो यामुळें. पान्याची लांबी कारखान्यानें मापाप्रमाणें ठरविलेली असते. लहान बोल्टाच्या पान्यास नळी लावून ती वाढवूं नये.

पहिल्या खरेदीस आमच्या मतें एवढें पुरे : ८ ते १७ पर्यंतच्या मापांचे रिंग व उघडे पाने, २ व ३ क्रमांकांचे दोन चौफुली पेचकस, एक सपाट पेचकस, एक पकड, एक मध्यम हातोडा, गाडीच्या मापाचा स्पार्क प्लगचा पाना, आणि नळासाठीं एक स्क्रूपाना. बाकी गरज पडेल तसें एकेक घ्यावें. साखळीला तेल देणें, प्लग साफ करणें, इंजिनांतील तेल बदलणें, क्लचची तार ताणणें एवढें काम घरीं खुशाल करावें. ब्रेक व हँडलचें बेअरिंग मात्र जाणत्या मिस्त्रींकडे सोंपवावें. आपलीच मुलें-सुना सायंकाळीं त्या गाडीवरून घरीं यावयाच्या असतात. आणि चार वेळां स्वतः नट सोडविलेला मनुष्य मिस्त्रींशीं घासाघीस करतांना जरा विचारानें बोलूं लागतो, हाहि एक लाभच.

एकत्र कुटुंबांत हत्यार हरवतें तें चोरीनें नव्हे, तर तें कोणा एकाचें नसतें म्हणून. तेव्हां पेटी एकाच्या ताब्यांत द्यावी. तो घरांतील मुलगा असो वा मुलगी. काम झालें कीं पुसून, तेलाचा बोळा फिरवून, मोजून ठेवण्याचा परिपाठ त्यालाच लावावा. खंडेनवमीस आपण हत्यारांना गंधफूल वाहतों. वर्षांतून निदान त्या एका दिवशीं प्रत्येक पाना नटाला लावून पाहावा, आणि ज्याचें तोंड पसरलें असेल तो पूजेंतून व पेटींतूनहि काढून टाकावा.