वाहतुकीचे नियम : मुलं निबंधातून शिकतात की आपल्याकडून?



चौथीच्या वर्गाला मी 'वाहतुकीचे नियम' हा निबंध दिला होता. लाल, पिवळा, हिरवा सगळ्यांनी व्यवस्थित लिहिलं. एकाने मात्र शेवटी मनाचं एक वाक्य जोडलं होतं : "पोलीस दिसले की पप्पा गाडी आतल्या गल्लीने घेतात." लाल पेन हातात होतं, पण खोडणार काय? वाक्य शुद्ध होतं आणि खरंही होतं.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. जामीन देताना बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक चिडले, आणि ते बरोबरच होतं. पण आपण तरी वेगळं काय करतो? नियम वहीत लिहून घेतो आणि शाळा सुटल्यावर मुलाला विनाहेल्मेट गाडीवर मागे बसवतो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आपल्या कोरेगावातून सातारा-पंढरपूर रस्ता जातो. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की तिथून दुचाकी काढताना जीव मुठीत धरावा लागतो. तिथे पोलिसांनी हात केला, तर मागे बसलेलं मूल आपल्याकडे बघत असतं. आपण काय करतो? ओळखीच्या माणसाला फोन लावतो, नाहीतर हळूच नोट पुढे करतो. मीसुद्धा एकदा असा फोन लावलाय. चूक माझीच होती.

खरं तर करायचं सोपं आहे. गाडी बाजूला घ्यावी. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावं. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं चालतं. चूक असेल तर दंड भरावा आणि पावती मागावी. लायसन्स जप्त केलं तर त्याचीही पोच मिळायला हवी, तसं कायद्यातच आहे. चलन मान्य नसेल तर कोर्टात दाद मागता येते, रस्त्यावर आवाज चढवायची गरज नाही. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर आहे.

पावती मागणं म्हणजे हुज्जत घालणं नव्हे. चूक कबूल करणाराच पावती ताठ मानेने मागू शकतो. ज्याने विनापावती मिटवायचं ठरवलं, त्याने आपला हक्क आधीच सोडलेला असतो.

आणि पालकहो, आठवी-नववीच्या मुलाच्या हातात गाडीची चावी देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. पण दंडापेक्षा त्याचा जीव मोठा.

पुढच्या वर्षी हाच निबंध मी परत देणार आहे. शेवटचं वाक्य काय असेल, ते आता तुमच्या-माझ्या हातात आहे.