शेवटच्या मुक्कामाची जागा पारखताना

गेल्या श्रावणात हरसूल रस्त्यावरच्या एका वाडीतला तरुण दवाखान्यात आला. वडिलांना तोंडाचा कर्करोग. परळच्या तीन-चार फेऱ्या झाल्या, किरणोपचार झाले, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांनी "आता घरीच न्या, त्रास कमी करण्याची औषधे चालू ठेवा" असे सांगितले. घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या, पावसात गळणारे छप्पर आणि घरात दोन लहान मुले. कुणीतरी त्याला नाशकातल्या एका सेवा केंद्राचे छापील पत्रक दिले होते. ते माझ्यापुढे ठेवून त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, इथं बापाला ठेवलं तर चालंल का? जागा चांगली आहे का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलांना अशाच एका ठिकाणाची शिफारस केली होती. इमारत नवी, फरशी चकचकीत, खोलीत टीव्ही, दारात गणपती. मी तेवढेच पाहिले. बाईंचा कर्करोग मणक्यात उतरला होता आणि रात्री त्यांना असह्य कळा येत. तिथे त्यांना दिवसातून दोनदा साध्या वेदनाशामक गोळ्या आणि फारच ओरडल्या तर एक इंजेक्शन, एवढेच मिळत होते. रात्रपाळीची मुलगी "डॉक्टर सकाळी येतील" असे सांगून दार लोटून घेई. नवव्या दिवशी मुलांनी त्यांना घरी आणले. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. चूक त्या केंद्राची होती तशी माझीही होती, कारण अशी जागा पारखायची कशी हे मलाच ठाऊक नव्हते.

वास्तविक या सेवेचा आदर्श आपल्यापासून दूर नाही. सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसाचे दुखणे नुसते शरीराचे नसते, त्यात मनाचे, घरच्या काळजीचे आणि देवाधर्माचेही दुखणे मिसळलेले असते, ही त्यांची शिकवण. भारतातले असे पहिले केंद्र १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले, शांती अवेदना. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते सुरू केले. तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे, तेही विनामूल्य. तिथे नातलगाला रुग्णाजवळ राहू देतात आणि घरी गेल्यावर काय करायचे ते शिकवतात. म्हणजे 'चांगले' कशाला म्हणायचे, याचे माप महाराष्ट्रातच आहे. फक्त ते मुंबई-पुण्यात आहे आणि आपला रुग्ण ब्रह्मगिरीच्या पाठीमागे एखाद्या पाड्यावर आहे.

नाशकात आणि इतर शहरांत आता या नावाखाली बरेच काही चालू झाले आहे. काही ठिकाणी खरोखर शिकलेली माणसे आहेत. काही जागा म्हणजे वृद्धाश्रमाचाच एक मजला. काही नुसते मावशा पुरवणारे ब्युरो, पाटीवर मात्र इंग्रजी नाव. पाटी वाचून यातला फरक कळत नाही. म्हणून त्या तरुणाला मी म्हणालो, "दादा, तू स्वतः जाऊन ये, आणि मी सांगतो ते विचारून ये." तेच इथे लिहितो आहे.

पहिला प्रश्न मॉर्फीनचा. तुमच्याकडे तोंडाने घ्यायची मॉर्फीनची गोळी आहे का, ती कोण लिहून देते, आणि रात्री दोन वाजता ती कोण देणार? या एका प्रश्नावर निम्मी परीक्षा होते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीनशिवाय भागत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशामक औषधांची पायरी-पायरीने मांडणी करताना सांगून ठेवले आहे. साध्या गोळीचा अंमल साधारण चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळाकडे पाहून द्यायची असते, दुखायला लागल्यावर नव्हे. "दुखलं की देतो" असे उत्तर मिळाले तर समजावे की इथे रुग्णाने आधी विव्हळायचे आणि मग औषध मिळायचे असा रिवाज आहे. शिवाय मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस लिहिलेला आहे का, तेही पाहावे.

मॉर्फीनचे नाव काढले की घरचे दचकतात. "म्हणजे अफूच ना? सवय लागंल." आपल्याकडे पूर्वी बाळ झोपावे म्हणून त्याला अफू चाटवत, आणि त्यातून झालेले अनर्थ जुन्या बायकांना आठवतात, तेव्हा ही भीती अगदीच पोकळ नाही. पण वेदनेसाठी, मोजून आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनने व्यसन लागणे फार विरळा. आम्हा डॉक्टरांची भीती वेगळी होती, ती कायद्याची. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचे असे जंजाळ झाले की औषधाची दुकाने आणि रुग्णालये मॉर्फीन ठेवीनाशी झाली. गंमत पाहा, औषधासाठी लागणारी अफू आपल्याच देशात कायदेशीर पिकते, नीमच आणि गाझीपूर इथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत, आणि आपलाच रुग्ण तिच्यावाचून तळमळतो. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला मॉर्फीन ठेवता येते. म्हणून केंद्राला सरळ विचारावे, तुम्हाला ती मान्यता आहे का? नसेल तर तुमच्या रुग्णासाठी ते औषध कोणत्या रुग्णालयातून येते? "कायद्याने मिळत नाही" हे उत्तर आता चालणार नाही.

याला जोडूनच एक बारीक प्रश्न, जो मला स्वतःला फार उपयोगी वाटतो. मॉर्फीनबरोबर जुलाबाचे औषध सुरू करता का? मॉर्फीनने शौचाला खडा होतो, आणि ते टाळायचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. ज्याने ही सेवा खरोखर केली आहे तो प्रश्न संपायच्या आतच "हो तर" म्हणेल. ज्याने केलेली नाही तो तुमच्याकडे पाहत राहील.

मग डोळे आणि नाक वापरावे. चकचकीत फरशी पाहू नये, रुग्णाचे तोंड पाहावे. ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर, असे दोन-तीन रुग्ण दिसले तर तिथे तोंडाची निगा राखत नाहीत. टाचा आणि कंबरेच्या मागचे हाड पाहू देतात का ते विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर तिथली कातडी काळी पडून जखम होते. काही वेळा मरणाच्या अगदी जवळ सगळी काळजी घेऊनही अशी जखम होते, तेव्हा एका जखमेवरून न्याय करू नये. पण कूस केव्हा बदलली याचा कागद खाटेशी असायलाच हवा. आणि वास. तोंडाच्या किंवा स्तनाच्या फुटलेल्या गाठीला येणाऱ्या घाणीमुळे घरचेसुद्धा जवळ बसत नाहीत, आणि रुग्णाला ते कळते. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली तर हा वास बराच हटतो. खर्च थोड्या रुपयांचा. असा रुग्ण दाराशी एकटा ठेवलेला आणि खोलीत उदबत्त्या लावलेल्या दिसल्या, तर मी तरी तिथून परत फिरेन.

सलाइनबद्दल वाचकांना राग येईल असे थोडे लिहितो. "निदान सलाइन तरी लावा" हा आपल्याकडचा हट्ट आहे आणि काही ठिकाणी त्यावर बिल वाढते. अखेरच्या दिवसांत शरीर पाणी घेत नाही. जबरदस्तीने दिलेले पाणी पायांवर आणि फुप्फुसात साचते आणि छातीत घरघर वाढते. त्या वेळची तहान ही बहुधा तोंडाच्या कोरडेपणाची असते, आणि ती ओल्या कापसाने, बर्फाच्या खड्याने भागते. आपल्याकडे मुखात गंगोदक घालण्याची रीत आहे, ती घरच्या माणसांना थेंबाथेंबाने करू द्यावी. चांगले केंद्र हे नातलगांना बसवून समजावते. वाईट केंद्र न बोलता बाटली टांगते, किंवा शेवटच्या तासात गाडी बोलावून आयसीयूत पाठवते, म्हणजे मृत्यू आपल्या खात्यावर पडायला नको. म्हणून आधीच विचारावे, की शेवट जवळ आल्यावर तुम्ही काय करता? यंत्रावर ठेवायचे नाही अशी रुग्णाची इच्छा असेल तर ती लिहून ठेवता का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत पुष्कळ सोपी केली.

पैशाचे एका वाक्यात सांगतो. महिन्याचा आकडा, त्यात काय धरले आहे, डायपर-ड्रेसिंग वेगळे का, आणि मधेच रुग्ण गेला किंवा घरी नेला तर अनामत परत मिळते का, हे सारे कागदावर घ्यावे.

किती रुग्ण घरी परत जातात, हाही प्रश्न विचारावा. लोकांना वाटते की ही मरायला नेऊन ठेवण्याची जागा. पण दुखणे, उलटी, धाप आटोक्यात आणून रुग्णाला परत घरी पाठवणे हे या सेवेचे मोठे काम आहे. केरळात १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम सुरू केले, त्यातून पुढे गावोगावचे स्वयंसेवक घरोघरी जाऊ लागले. तिथे खाटेपेक्षा घरभेट महत्त्वाची ठरली. त्या राज्याने २००८ साली याचे धोरण केले. आपल्या महाराष्ट्राचेही धोरण २०१२ चे आहे, आणि त्याच साली केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. कागदावर आपण फार मागे नाही.

तो तरुण नाशकाला जाऊन आला. म्हणाला, "साहेब, माणसं गोड बोलली. गोळीचं विचारलं तर म्हणाली तसली औषधं आम्ही ठेवत नाही. जुलाबाचं विचारलं तर हसली." त्याने बापाला तिथे ठेवले नाही. मान्यता असलेल्या एका रुग्णालयातून मॉर्फीनच्या गोळ्या मिळाल्या. नाकातल्या नळीतून त्या कुटून कशा द्यायच्या हे सुनेने एका दुपारी शिकून घेतले. मोबाइलचा गजर लावून ती रात्रीसुद्धा देत असे. गालाच्या जखमेवर पूड टाकू लागल्यावर नातू पुन्हा आजोबांजवळ निजू लागला. भाद्रपदात म्हातारा घरीच गेला. दोनदा मला रात्री फोन आला, एकदा पावसाने रस्ता बंद होता आणि मी जाऊ शकलो नाही, फोनवरच सांगितले. हे यश म्हणून सांगत नाही. ती सून कणखर नसती, रुग्णालयाची गोळी मिळाली नसती किंवा फोनला रेंज नसती, तर ते घर काय करणार होते?

आमचे त्र्यंबक हे गेलेल्यांसाठी करण्याचे क्षेत्र. नारायण नागबळीचा तीन दिवसांचा विधी, त्रिपिंडी श्राद्ध, यांसाठी देशभरातून माणसे येतात आणि हजारो रुपये श्रद्धेने खर्च करतात. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, माझ्याही घरी ते झाले आहे. पण पितरांसाठी इतके करणाऱ्या गावात जिवंतपणी तळमळणाऱ्यासाठी रात्री मॉर्फीनची एक गोळी मिळण्याची सोय असावी, असे मला वाटते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, रुग्णालये यांवर मोठा खर्च होत आहे. त्यात माझी मागणी लहान आहे. आपल्या तालुक्यातच मॉर्फीन ठेवण्याची मान्यता घेतलेले एक सरकारी रुग्णालय असावे. तिथे अशा रुग्णांसाठी दोन खाटा राखाव्यात. एका डॉक्टरला आणि दोन परिचारिकांना या कामाच्या प्रशिक्षणाला पाठवावे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक सेवा धरलेलीच आहे, तेव्हा पाड्यापर्यंत जाणाऱ्या आशाताईला कूस बदलणे, तोंड पुसणे आणि दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा विचारणे शिकवावे. मागणीचे निवेदन मी लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण होऊन गेला, त्यांनी सही करायला दवाखान्यात यावे, सकाळी दहा ते एक.