हाडाला दोष देण्याआधी आकडा दाखवा

दातांच्या धंद्याला एक झकास आरोपी सापडला आहे : पेशंटचं हाड. जबड्यात बसवलेला स्क्रू टिकला तर डॉक्टरांचा हात सोन्याचा, हलला तर तुमचं हाड कमजोर. आरोपी मुका, आणि त्याच्या बाजूने एकही कागद नाही.

आमच्या घरातलीच गोष्ट. बायकोच्या वरच्या मागच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं, कॅपही लगेच चढवली, आणि काही आठवड्यांत ते बोटाने हलायला लागलं. "काकू, तुमचं हाडच भुसभुशीत, त्याला आम्ही काय करणार?" मी विचारलं, बसवताना टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, किती लागला होता? डॉक्टर हसले. "काका, ते आमच्यावर सोडा." सोडलं होतं की! बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "हाड भुसभुशीत होता, तर पैसे घेवच्या आधी कित्याक नाय सांगल्यान?"

फाइल मागितली. तिच्यात एक एक्स-रे, गोळ्यांची चिठ्ठी आणि पावती. आकडा एकच, रुपयांचा.

हे मोजता येत नसतं तर मी गप्प बसलो असतो. पण ज्या मोटरने हाडात भोक पाडून स्क्रू पिळतात, तिच्या पडद्यावर टॉर्क न्यूटन-सेंटीमीटरमध्ये दिसतो. हाताने पिळायच्या रॅचेटवरही खुणा असतात. कॅप लगेच चढवायची तर साधारण 35 तरी लागावा, असा या क्षेत्रातला रूढ संकेत. कमी लागला तर थांबायचं. बरं, जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. टणक हाडात अवाजवी पिळलं तर दाबाने भोवतालचं हाडच मरू शकतं. त्यातून पहिल्या दिवशीची पकड तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास सैल पडते, कारण जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून भरलेलं नसतं. म्हणून पुन्हा मोजायचं. स्क्रूवर छोटी खुंटी लावून, तिला चुंबकीय लहरींनी कंप देऊन 1 ते 100 मध्ये स्थिरता सांगणारं यंत्र कधीपासून बाजारात आहे. 70 च्या वर असेल तर पकड चांगली, 60 च्या खाली असेल तर सबुरी. दुखत नाही, वेळही लागत नाही.

आणि भुसभुशीत हाडाचं म्हणाल तर त्यात गुपित कसलं? कार्ल मिश या अमेरिकन दंतवैद्याने 1988 साली हाडाचे प्रकार पाडले आणि भोक पाडताना हाताला काय जाणवतं तेही सांगून ठेवलं : पहिला प्रकार ओकच्या लाकडासारखा, दुसरा पाइन, तिसरा बाल्सा आणि चौथा थेट थर्माकोल. हा थर्माकोल बहुतेक वरच्या जबड्याच्या मागच्या भागातच सापडतो, म्हणजे बायकोची दाढ होती तिथेच. डॉक्टरांना हे कॅप चढवताना आठवलं नाही, हात झटकताना बरोबर आठवलं. काही जण सीबीसीटीच्या, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेच्या, पडद्यावर बोट ठेवून "डेन्सिटी बघितली" म्हणतात. त्या करड्या छटा म्हणजे सीटी स्कॅनचे घनता सांगणारे हाउन्सफील्ड आकडे नव्हेत. मशीन बदललं की छटाही बदलते.

स्वीडनच्या ब्रोनेमार्कने 1965 मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्याची पद्धत अशी की खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने वाट बघायची. आज आकडे दाखवून ही वाट कमी करता येते, हे मान्य. पण आपल्याकडे वाट तेवढी कमी केली, आकडे गाळले. "एका दिवसात दात"चा फलक लावणाऱ्याने एवढं तरी सांगावं की कुठल्या आकड्यावर?

आमच्या तारकर्लीत पर्यटकाला स्कुबाला उतरवण्याआधी बाटलीत किती बार हवा आहे ते गेजवर बघतात. बघणारा पोरगा बारावी नापास असू शकतो, पण अंदाजाने कुणाला समुद्रात सोडत नाही. (ताजं इम्प्लांट घेऊन स्कुबाला येणाऱ्यांनो, तो रेग्युलेटर दातांनीच धरावा लागतो, आधी आपल्या डॉक्टरला विचारा.)

हृदयातल्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये बांधली. बिलावर स्टेंटचा ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर लिहायची सक्तीही तेव्हाच केली. जबड्यातला स्क्रूसुद्धा जन्मभरासाठीच असतो ना? मग त्याचं नावगाव पेशंटला का मिळू नये? उद्या हा स्क्रू बसवणारा दवाखाना बंद पडला, तर कणकवलीच्या किंवा पणजीच्या डॉक्टरने त्याला कुठली चावी लावायची?

सगळेच डॉक्टर असे नाहीत. आधी साखर तपासून ये, मिशरी सोड, हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या चालू आहेत का ते सांग, असं दरडावणारे डॉक्टर आपल्या जिल्ह्यातही आहेत. लोक त्यांना खडूस म्हणतात आणि फलकवाल्याकडे जातात. यात आपलाही दोष आहेच.

तेव्हा पैसे मोजण्याआधी चार गोष्टी कागदावर देणार का ते विचारा : स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर, त्याची लांबी-जाडी, बसवतानाचा टॉर्क आणि कॅप चढवण्याआधीच्या स्थिरतेचा आकडा. "ते आमच्यावर सोडा" असं उत्तर आलं, तर खुर्चीवरून उठा आणि घरी या.