विश्लेषण : मजूर सुरतला, मक्याची पेरणी यंत्राने, फायद्याचा हिशेब कोणाचा?

नवापूर : दिवाळी झाली की आपल्या सीमाभागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. इकडे रब्बी मक्याची पेरणी आणि तिकडे सुरत जिल्ह्यात बारडोली पट्ट्यातल्या ऊसतोडीला टोळ्यांची रवानगी. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही बाया. मग टोकण करायला माणूस आणायचा कुठून? म्हणून ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पेरणी यंत्राची मागणी वाढतेय. एकाच फेरीत बी आणि खत दोन्ही पडतं, काम लवकर उरकतं. पण पैसा खरंच वाचतो का, हे बघायला हवं.

मका का वाढला?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि मक्याला भाव आला. पुढे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्टही गाठलं गेलं. २०२५-२६ च्या खरिपासाठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये क्विंटल जाहीर झाला. प्रत्यक्ष बाजारात मात्र त्याच्या बऱ्याच खाली सौदे झाले. भाव आपल्या हातात नाही. खर्च मात्र थोडाफार हातात आहे, आणि तिथेच यंत्राचा संबंध येतो.

यंत्र नेमकं काय करतं?

न्युमॅटिक प्लँटरमध्ये हवेच्या ओढीने चकतीच्या प्रत्येक छिद्राला एकच दाणा चिकटतो आणि ठरलेल्या अंतरावर सुटतो. दोन ओळींत ६० आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर धरलं, तर एकरी ३३ ते ३४ हजार रोपं बसतात. खत दुसऱ्या नळीतून बियाण्याच्या थोडं बाजूला आणि थोडं खाली पडतं. हे महत्त्वाचं आहे. युरिया बियाण्याला चिकटून पडला तर कोंब जळतो. वरून फेकला आणि मातीआड झाला नाही, तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं.

आता खताचं गणित. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद धरलं, तर एकरी साधारण डीएपीची एक आणि युरियाच्या दोन गोण्या लागतात. डीएपीची गोणी १,३५० रुपये, ४५ किलो युरियाची सुमारे २६६ रुपये. पालाश वेगळं. स्वस्त म्हणून युरियाच्या चार-चार गोण्या टाकणारे आपल्याकडे कमी नाहीत. सुरतजवळ हाजिऱ्याला कृभकोचा मोठा युरिया कारखाना आहे, तरी ऐन हंगामात दुकानापुढे रांग लागते. जादा टाकलेली प्रत्येक गोणी म्हणजे रांगेतल्या दुसऱ्याची गोणी. आणि सगळा युरिया पेरणीलाच द्यायचा नसतो. एक हप्ता पेरणीला, बाकीचे दोन पीक साधारण ३० आणि ४५ दिवसांचं झाल्यावर.

विकत घ्यायचं की भाड्याने?

उदाहरणासाठी धरू, यंत्र दोन लाखांचं आहे. कृषी यांत्रिकीकरण योजनेत अल्पभूधारक, महिला आणि आदिवासी शेतकऱ्यांना मर्यादेत राहून ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. म्हणजे खिशातून एक लाख. पाच वर्षांत वसूल करायचं तर वर्षाला २० हजार. पाच एकरवाल्याला हे एकरी ४,००० रुपये पडतं. तेच यंत्र वर्षाला १०० एकरांवर फिरलं तर एकरी २००. डिझेल आणि दुरुस्ती वेगळी. थोडक्यात, एकट्याने घेतलं तर तोटा, गटाने घेतलं तर फायदा.

भाड्याचीही एक गोम आहे. दर एकरी असतो, म्हणून ट्रॅक्टरवाला जितका जोरात पळवेल तितकं त्याचं भलं. पण वेग वाढला की दाणे सुटतात आणि ओळीत खाडे पडतात. त्यामुळे पेरणीआधी दोन कामं स्वतः करून घ्या. यंत्राचं चाक उचलून ठरावीक फेरे फिरवा आणि नळीतून पडलेलं खत पिशवीत धरून तोला. पहिली ओळ झाली की माती उकरून खोली आणि अंतर मोजा. अमेरिकेतल्या मोठ्या शेतांवर उपग्रहाच्या मदतीने हेच मोजतात. आपल्याकडे तराजू आणि टेप पुरे.

डोंगरउतारावरच्या तुकड्यांत मोठं यंत्र वळतही नाही. तिथे हाताने चालवायचं टोकण यंत्रच बरं.

खरा प्रश्न

ज्या बाया ऊसतोडीला जात नाहीत, त्यांना टोकणीची मजुरी हा हंगामातला हक्काचा पैसा होता. यंत्र आलं की आधी तोच जातो. यंत्राला विरोध करून मजूर सुरतहून परत येणार नाहीत, हे खरं. पण यंत्र बचत गटाच्या नावावर घेतलं, तर बुडालेल्या मजुरीचा काही भाग भाड्याच्या रूपाने त्याच घरांत परत येईल. ग्रामपंचायतींनी आणि कृषी विभागाने हे पेरणीच्या तोंडावर नाही, तर दोन महिने आधी ठरवायला हवं. नाहीतर यंत्र पाच-दहा जणांच्या दारात उभं राहील आणि बाकीचे भाडं भरत राहतील.