दाजी, चीनने हो म्हटलंय!

फ्लॅट घ्यावा की नाही, हे माझ्या मेव्हण्याने मोबाईलला विचारलं. पडद्यावर तीन नाणी सहादा उडाली आणि 'यी चिंग' या चिनी शकुनग्रंथातलं चौथं चिन्ह आलं, मंग. खाली अर्थ : पोरकट अजाणपणा. साहेबांनी तोंड वाकडं करून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. सातव्या खेपेला अकरावं चिन्ह आलं, थाय, म्हणजे सुखशांती. लगेच मला फोन : "दाजी, चीनने हो म्हटलंय!"

हो कसलं डोंबलाचं! त्या चौथ्या चिन्हाच्या मजकुरातच बजावलेलं आहे की पहिल्या विचारण्याला उत्तर मिळेल. तेच दोनदा-तीनदा विचारणं हा उपमर्द, आणि उपमर्द करणाऱ्याला काही सांगितलं जात नाही. उरलेले सहा कौल कचऱ्यात.

मेव्हण्यापेक्षा मला राग आहे तो अर्थ विकणाऱ्यांचा. एका कार्यशाळेत मीही पैसे घालवून आलो. ग्रंथाचं नाव 'आय चिंग' (रोमन अक्षर दिसलं की वाचायचं!) आणि चौसष्ट चिन्हांना चौसष्ट शुभरंग. मंगचा पिवळा. संपलं.

अहो, चिन्ह बघा तरी! खालच्या तीन रेघा पाण्याच्या, वरच्या तीन डोंगराच्या. पायथ्याशी नुकता फुटलेला झरा. वाट ठाऊक नाही, पण पाणी जिवंत आहे. 'मंग' म्हणजे झाकलेलं. ते झाकण काढणं म्हणजे 'छी मंग'. युरोपातल्या प्रबोधनयुगालाही चिनी माणूस हाच शब्द वापरतो. सहा रेघांत अखंड दोनच, खालून दुसरी आणि सहावी. दुसरी गुरूची मानतात. पाचवी जागा राजाची, आणि तिथे तुटकी रेघ! राजा अजाण आहे, पण खाली बसलेल्या गुरूकडे वळतो, म्हणून ती रेघ शुभ. चौथीचे मात्र हाल. वरची तुटकी, खालची तुटकी, आणि जिच्याशी तिची जोडी लागते ती पहिलीही तुटकी. अखंड रेघेचा वाराही लागत नाही. सगळे होयबा. ग्रंथ तिला अज्ञानात अडकलेली म्हणतो. आमच्याकडे तिला फॅमिली ग्रुप म्हणतात.

जुनी रीत काड्यांची. ५० घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची, ४९ वाटायच्या, चार-चार मोजायच्या. एका रेघेला तीन फेऱ्या, म्हणजे चिन्हाला १८. अर्धा तास सहज जातो, आणि तेवढ्यात कधी कधी आपल्याच प्रश्नाची लाज वाटू लागते. बटणाला दोन सेकंद. माझ्या आजोळी कोकणात देवाला कौल लावायचे, तेव्हा पाकळी डावी पडली म्हणून गुरवाला "परत लाव" म्हणायची कुणाची छाती नव्हती.

परवा मेव्हण्याने टोकन भरलं. मी विचारलं, "रेराची नोंदणी पाहिलीस? जमिनीचे कागद?"

"ते तुम्ही बघा ना, दाजी."