आधी डुकरीला लस, मग पिलांचा हिशेब



डुक्कर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रातोरात आडवा झालेला उसाचा फड येतो. त्या रानडुकराबद्दल आम्हांस काडीचे प्रेम नाही. आज लिहावयाचे आहे ते पाळीव डुकराबद्दल. राष्ट्रीय पशुधन अभियानातून 2021 पासून वराहपालनाच्या भांडवलाला 50 टक्के अनुदान मिळते, त्यामुळे तरुण सभासदांत या जोडधंद्याची चर्चा सुरू आहे. कुणाचे भाऊबंद उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे नोकरीला आहेत. तिकडे हॉटेलांचे उरलेसुरले अन्न मिळते, मग खर्च तो काय, असा हिशेब मांडला जातो. त्यात एक रकाना कोरा राहतो, तो पिलांच्या मरतुकीचा.

या मरतुकीतले एक मोठे दुखणे म्हणजे स्वाइन फिवर. (2009 साली पुण्याला हादरवून गेला तो स्वाइन फ्लू, तो वेगळा. स्वाइन फिवर माणसाला होत नाही.) याचा विषाणू गाभण डुकरीतून पोटातल्या पिलांपर्यंत पोचतो. गाभ पडतो, पिले मेलेली जन्मतात, नाहीतर एखादे अशक्त पिलू जिवंत निपजते आणि महिनोन्महिने रोग वाटीत हिंडते. मादी मात्र वरून धडधाकट दिसू शकते, म्हणून धनी गाफील राहतो.

चिकाचे महत्त्व तुम्हांला आम्ही काय सांगावे! (खरवसाच्या नादात वासराचा चीक तोडणारेही आपल्यात आहेत, पण ते असो.) डुकरीचे पिलू तर सर्वस्वी चिकावरच अवलंबून. गर्भात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून, तीही पहिल्या दिवसातच. पुढे आतडे ती आत घेतच नाही. आता आईलाच लस टोचलेली नसेल आणि रोगाशी तिची कधी गाठही पडलेली नसेल, तर चिकात काय उतरणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पण आईला टोचली म्हणजे काम झाले, असेही नाही. आईकडून मिळालेली ताकद हळूहळू ओसरते. ती भरात असताना पिलाला लस दिली तर ती वाया जाते, फार उशीर केला तर पिलू उघडे पडते. म्हणून साधारण दोन महिन्यांच्या सुमारास, डॉक्टरांना विचारून, पिलाला स्वतःची लस द्यावी लागते.

लस नवी नाही. 1964 पासून आपल्या देशात ती सशांच्या शरीरात वाढवून बनवीत आले, त्यामुळे ती महागही पडे आणि पुरतही नसे. 2020 साली, वर्षाला 2 कोटी 20 लाख मात्रांची गरज असताना जेमतेम 12 लाख तयार होत असल्याचे सरकारनेच सांगितले. त्याच साली इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींवर वाढविलेली लस काढली, दोन रुपयांहून कमी खर्चाची. तेव्हा पैशाची सबब आता चालू नये.

आमचे खरे म्हणणे पुढेच आहे. नाल्याकाठी, कचराकुंडीशी दिसणारी डुकरे पालिकांना नुसता उपद्रव वाटतात. ती पकडायची, हलवायची, एवढेच त्यांना सुचते. त्यांतली पुष्कळशी बेवारस नसतात, एखाद्या गरिबाचे घर त्यांवर चालते. पिले मेली की त्या घराचे वर्ष गेले. आणि आपल्या माणसाने बदलापुराबाहेर चांगली 20 डुकरींची शेड बांधली, तरी शेजारच्या नाल्यातला रोग तिथे यायला वेळ लागत नाही. शेजारच्या फडाला आग लागली तर आपला फड सुरक्षित राहतो काय? पशुसंवर्धन खात्याने व पालिकांनी या डुकरींना जागेवर जाऊन फुकट लस टोचावी, असे आम्हांस ठामपणे वाटते.

हॉटेलच्या अन्नाबद्दल एक शब्द. 2020 साली आसाम व अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिवर आला. तो निराळा विषाणू, आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. मांसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यातूनही तो येतो. तेव्हा असले अन्न किमान अर्धा तास चांगले उकळल्याशिवाय डुकरापुढे टाकू नये.

ज्यांनी डुकरी घेतल्या आहेत त्यांनी ती गाभण जाण्याआधी डॉक्टरांकडून लस टोचून घ्यावी आणि तारीख शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावी.